नऊचा ओपन, बाराचा क्लोज

रतन खत्रीच्या मटक्याला वेळ होती. रात्री नऊच्या सुमारास ओपन, बाराच्या सुमारास क्लोज आणि रविवारी सुट्टी. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे ओपन. दोन, पाच, सहा निघाले तर तेरा, म्हणजे ओपन तीन. पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. फुटलेला आकडा फोनवरून मुंबईभर आणि मुंबईबाहेरही पोचायचा. आमच्या लालबागच्या चाळीत मध्यरात्रीनंतर थोडा वेळ गॅलरीत कुजबुज चालायची आणि मग सामसूम. ज्याचा आकडा लागला नाही तो झोपायचा, कारण उद्यापर्यंत करण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

ऑनलाइन जुगाराला परवाना द्यावा की बंदी घालावी, यावर गेली काही वर्षं देशात जो खल चालला आहे तो ऐकताना मला ही वेळ सारखी आठवते.

मटका आला कापसाच्या बाजारातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्यावर पैसे लागत. 1961 मध्ये ते येणं थांबलं. मग 1962 मध्ये कल्याणजी भगतने वरळीत मटका सुरू केला आणि 1964 मध्ये खत्रीने आपला वेगळा काढला. गिरण्या तेव्हा तीन पाळ्यांत चालत होत्या, हातात रोख पगार होता, आणि गिरणगावातल्या गल्लोगल्ली चिठ्ठी लिहिणारे बसत होते. 1887 चा जुगारबंदी कायदा सगळा काळ जागेवर होता. आणीबाणीत खत्री तुरुंगातही गेला. मटका थांबला नाही.

चिठ्ठी मी लहानपणी हातात घेऊन पाहिली आहे. बोटभर रुंदीचा कागद, खाली कार्बन लावून पेन्सिलीने लिहिलेला. नाव नाही, गाव नाही. आकडा, खाली आडवी रेघ, रेघेखाली रक्कम. तळमजल्यावरचे मामा गिरणीतून सुटले की पानाच्या टपरीवर थांबत, तिथे चिठ्ठी लिहिणारा स्टुलावर बसलेला असे. त्याला मामांचा पगार किती, पोरं किती, गावाला मनीऑर्डर किती जाते, सगळं ठाऊक होतं. "मामा, आज बस झालं, उद्या या," असं त्याने म्हटलेलं मी ऐकलं आहे. तो काही साधू नव्हता. गिऱ्हाईक बुडालं तर त्याचाच धंदा बुडणार, हा हिशेब त्यात होताच. पण सांगणारा समोर होता, त्याचा चेहरा दिसत होता आणि मामांना त्याच्यासमोर लाज वाटत होती. हिशेबही उघडा होता: शंभर जोड्यांतली एक लागणार आणि रुपयाला साधारण नव्वद मिळणार. दहा रुपये कुणाच्या खिशात जातात हे टपरीवर उभ्या पोरालाही कळायचं.

त्या दिवसांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. मटक्यापायी मंगळसूत्रं गहाण पडली, पठाणाच्या व्याजात माणसं पिचली. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर बायका येऊन उभ्या राहत. टपरीपर्यंत पोचायच्या आत नवऱ्याच्या हातून पैसे काढून घ्यायचे, एवढाच उपाय त्यांच्याकडे होता. आणि अन्याय असा की त्याच शहरात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तिकीट काढून घोड्यावर पैसे लावणारा कायद्याच्या आत होता, टपरीवर चार आणे लावणारा बाहेर.

सरकारलाही मोह सुटला नव्हता. 1969 मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी आली. लाकडी फळीवर, दोरीला चिमट्यांनी लावलेली रंगीत तिकिटं, आणि निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रातल्या बारीक आकड्यांवर बोट फिरवत उभे असलेले लोक मला अजून दिसतात. एक तिकीट घेतलं की सोडत होईपर्यंत माणूस स्वप्न पाहत असे. ते स्वस्तात पडायचं. 1976 मध्ये तर राज्याने कॅसिनोचाही कायदा करून ठेवला. तो कधी अमलात आलाच नाही, आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. शेजारी गोव्याने मात्र 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि 1996 मध्ये बोटींवरच्या कॅसिनोंना वाट करून दिली. मांडवीतल्या त्या झगमगाटावर गोंयकारांचा राग आजही आहे. पण तिथेही जुगाराला जागा आहे: धक्क्यावर जावं लागतं, बोटीत बसावं लागतं आणि 2020 पासून स्थानिकांना दारच बंद केलेलं आहे.

आता आजचं सांगते. आमच्या शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या वडिलांनी बँकेचं स्टेटमेंट माझ्यापुढे ठेवलं. दोनशे, दोनशे, पाचशे, पुन्हा दोनशे, हजार. वेळा पहाटे दोन ते चारच्या, दोन नोंदींमध्ये चार-पाच मिनिटांचं अंतर. मध्येच एक रक्कम जमा झालेली, ती जिंकलेली असावी असं वडिलांना वाटलं. ती कर्ज देणाऱ्या अॅपवरून आली होती. भिंतीपलीकडे आई-वडील झोपलेले होते. मामांच्या घरी निदान चूल पेटली नाही की कळायचं. या घरात कुणाला काही दिसलंच नाही. मोबाइल हातात घेतलेला मुलगा अभ्यास करतोय की हरतोय, हे कसं ओळखायचं?

जुगाराच्या अॅपला क्लोज नाही. रात्री बारा नाहीत, रविवार नाही. हरलात की लगेच पुढचा डाव, आणि थांबलात तर 'बोनस'चा मेसेज. टपरीवरच्या माणसाने थांबवलं असतं, हे यंत्र उलट बोलावून घेतं. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. कौशल्य की नशीब, या वादाने आपली फार वर्षं खाल्ली. 1957 मध्ये बक्षिसांच्या शब्दकोड्यांवरून चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ आणि जुगार वेगळे मानले, 1967 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं. तेव्हाची रमी क्लबातल्या टेबलावर, ओळखीच्या चार माणसांत चालत होती. तोच आधार घेऊन पुढे लाखो अनोळखी माणसांना पहाटे तीन वाजता एकाच पटावर बसवलं गेलं. पत्ते तेच होते, पण त्याला तीच रमी म्हणणं मला पटत नाही.

सरकारची पावलंही वाकडीतिकडी पडली. 2016 मध्ये लोढा समितीने क्रिकेटवरच्या सट्ट्याला कायदेशीर करण्याची शिफारस केली. 2018 मध्ये विधी आयोगाने सांगितलं की बंदी पाळता येत नसेल तर नियमन करा, आधार-पॅनशी व्यवहार जोडा, उत्पन्न पाहून मर्यादा घाला. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने नियमनाचे नियम काढले, ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी बसवला. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये बंदीचं विधेयक 20 तारखेला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत मंजूर झालं, 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग कौशल्य असो वा नशीब. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि हे योग्यच झालं. भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं.

बंदी आली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. त्या मुलाच्या आईलाही वाटलं. पण मटक्याच्या गावात वाढलेल्या माणसाला नुसत्या बंदीवर विसंबून राहता येत नाही. परदेशातून चालणारी संकेतस्थळं आणि टेलिग्रामवरचे गट यांना ना आपला कायदा लागतो ना लाज. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, आणि आज ना उद्या परवान्याचं दार थोडं तरी किलकिलं होईल असं मला वाटतं. जुगार हा घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवलेला विषय, त्यामुळे महाराष्ट्रालाही तेव्हा बोलावं लागेल. भीती एकाच गोष्टीची आहे: पहिला प्रश्न महसुलाचा असेल. लॉटरीच्या वेळी तेच झालं होतं.

पहिला प्रश्न वेळेचा असावा. तामिळनाडूने 2025 मध्ये पैशांच्या खेळांना मध्यरात्री बारा ते पहाटे पाच कुलूप लावायचा नियम केला आणि त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पुढचा प्रश्न रकमेचा. ब्रिटनने 2020 मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार बंद केला, 2025 मध्ये ऑनलाइन स्लॉटच्या एका डावाला पाच पौंडांची आणि पंचविशीच्या आतल्यांना दोन पौंडांची मर्यादा घातली. उसन्या पैशावर डाव नाही, हा नियम आपल्याकडे तर पहिल्या पानावर हवा, कारण कर्जाचं अॅप आणि जुगाराचं अॅप एकाच फोनमध्ये शेजारी-शेजारी असतात. जाहिरातीत क्रिकेटपटू आणि नट नकोत.

आणि एक गोष्ट सिंगापूरकडून घ्यावी. तिथे जुगारापायी घर मोडायला लागलं तर बायको, नवरा किंवा आई-वडील रीतसर अर्ज करतात आणि चौकशीनंतर त्या माणसाला जुगारापासून दूर ठेवण्याचा आदेश निघू शकतो. गिरणीच्या गेटवर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या हातात असं कलम कधी नव्हतं. महाराष्ट्रात पुढे जो कायदा होईल त्यात ते असलंच पाहिजे, साध्या मराठीतल्या अर्जासह, आणि अर्जावर किती दिवसांत निर्णय व्हायचा तेही कायद्यातच लिहिलेलं हवं.