आचऱ्याचे जेवण पाटीवर सापडत नाही

कोकणात सहलीला निघालेली आपली पुष्कळ कुटुंबे डिकीत गॅसची छोटी शेगडी ठेवतात आणि मनात हलालची काळजी. काळजी रास्तच आहे. पण तिच्यापायी तीन दिवस समुद्रकिनारी राहूनही मुले अंडी, नूडल्स आणि डब्यातला खिमा खाऊन परत येतात. ज्या मातीत गेलो, तिथल्या माणसांच्या चुलीवर काय शिजते हे कळतच नाही. थोडी माहिती असेल तर हे टाळता येते. त्यासाठी मालवण तालुक्यातल्या आचरे गावाचे उदाहरण घेऊ.

कणकवली हे कोकण रेल्वेचे स्टेशन. तिथून एक रस्ता थेट आचऱ्याला येतो. मालवणहून किनाऱ्याच्या रस्त्यानेही येता येते. गावाला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये भातशेती आणि माडाच्या बागा. पिरावाडी ही मच्छीमारांची वस्ती. जेवणही या साऱ्यातूनच येते: तांदूळ, नारळ, कोकम, कुळीथ आणि मासळी. गहू इथला नव्हे, म्हणून जुन्या घरात पोळीपेक्षा तांदळाची भाकरी, घावणे आणि आंबोळी जास्त.

हॉटेलच्या पाटीवर मात्र सुरमई थाळी, पापलेट थाळी, बिर्याणी आणि चायनीज हीच नावे दिसतात. गावचे खरे जेवण मिळते ते घरगुती खानावळीत किंवा राहायला उतरलो त्या घरी, तेही आदल्या दिवशी सांगितले तर. विचारण्याची रीत सोपी आहे. “सुरमई आहे का?” असे न विचारता, “काकी, आज मासळी काय गावली?” असे विचारावे. मग कधी बांगड्याचे तिखले मिळते, कधी पेडवे, कधी खाडीतली तांबोशी. बांगड्यात तिरफळ घालतात. त्याचा वास मासळीचा उग्रपणा मारतो. दाणा ताटात आला तर बाजूला काढून ठेवायचा, चावायचा नाही. शेवटी सोलकढी, म्हणजे नारळाच्या दुधात कोकमाचा आगळ.

नशीब असेल तर किनाऱ्यावर रापण ओढताना पाहायला मिळते. होडीतून जाळे अर्धगोल टाकतात आणि त्याची दोन्ही टोके माणसे दोन रांगांत उभी राहून वाळूवर ओढून आणतात. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस मात्र राज्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये. तेव्हा घरोघर सुका बांगडा, सुकट आणि कुळथाची पिठी असते. पावसाळ्यातले खरे जेवण तेच.

आता हलालचा प्रश्न. मासळीला जबह लागत नाही. समुद्राची शिकार हलाल असल्याचे सूरह माइदाच्या 96 व्या आयतीत आले आहे. म्हणून हिंदू किंवा ख्रिस्ती शेजाऱ्याने पकडलेली आणि रांधलेली मासळी आपल्याला चालते. फरक पडतो तो मसलकाचा. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्याकडे कोळंबी, कालवे, तिसऱ्या बिनदिक्कत खाल्ल्या जातात. घाटावरचे आपण बहुतेक हनफी. हनफींत कालवे, तिसऱ्या आणि खेकडा चालत नाही, कोळंबीविषयी उलमांत मतभेद आहेत. एकाच दस्तरखानावर दोन्हींकडचे पाहुणे असतील तर हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे यजमानाचे मन दुखावत नाही.

खानावळीत दोन गोष्टी विचाराव्यात. मासळी कोंबडीच्याच तेलात तळतात का, आणि वेगळा तवा मिळेल का? विचारणाऱ्याचा स्वर साधा असला तर यात कुणाला राग येत नाही. उपास-तापास, मांसाहाराचे वार हे सारे पाळणाऱ्या घरांना दुसऱ्याचे नियम समजतात. कोंबडी-वडे खायचे असतील तर कोंबडी मुस्लिम विक्रेत्याकडून आणून द्यावी किंवा गावठी कोंबडी घेऊन आपणच जबह करावी. वडे आणि वाटप त्या घरचे. यात नवे काहीच नाही. घाटावरच्या गावात बकरे कापण्याचे काम मुलाण्याकडे असे आणि त्याने कापलेले मटण सारा गाव खाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली लिहिलेल्या ‘गावगाडा’त या मुलाण्याची नोंद आहे.

ज्यात काहीच विचारावे लागत नाही असे पदार्थही भरपूर. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. शिरवाळे तर आपल्या बायकांनी मुद्दाम शिकून घ्यावेत: तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे आणि गुळ घातलेल्या नारळाच्या रसात खायचे. साचा दाबायला दोघे लागतात, म्हणून हा पदार्थ एकट्याच्या घरात होत नाही. करणारे हात कमी होत चालले की असे पदार्थ आधी मागे पडतात. पाहुण्याने मागितले तर साचा माळ्यावरून खाली येतो आणि त्या बाईच्या हातात चार पैसेही पडतात.

आचरे प्रसिद्ध आहे ते गावपळणीसाठी. काही वर्षांनी एकदा, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन, सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. पण गावातली मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबेही गावाबरोबर बाहेर पडतात. शेजारी शेजारी चुली मांडल्या जातात आणि जेवणे उघड्यावर होतात.

शेजाऱ्याच्या घरचे आपण काय खाऊ शकतो हे नीट माहीत असले की “नको” म्हणण्याचे प्रसंग कमी होतात, आणि जिथे म्हणावे लागते तिथे कारण सांगता येते. पुढच्या सुट्टीत मुलांना कोकणात न्याल तेव्हा शेगडी हवी तर न्या. पण निदान एक वेळचे जेवण कुणाच्या तरी घरचे मागा. बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेण्यापूर्वी मुलांना मासळीचे नाव विचारायला लावा, आणि ती कुणी पकडली हेही.