इंदूरहून आलेली राखी

गेल्या श्रावणात इंदूरला जाऊन आलो. लोकांना सांगितलं, राजवाडा बघायचा आहे, सराफ्यात खायचं आहे. खरं कारण वेगळं होतं. तिथे माझी आत्या राहते.

चाळीसेक वर्षांपूर्वी तिने एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं आणि बाप्तिस्मा घेतला. आजोबांनी दार बंद केलं. बाबा भांडले नाहीत, पण ते दार उघडायलाही गेले नाहीत. पुढे तिच्या नवऱ्याला इंदूरला नोकरी मिळाली आणि ती तिथलीच झाली. चवथीला माटोळी बांधताना आजी तिचं नाव काढायची, तेही आजोबा जवळ नाहीत ना हे बघून.

दार उघडल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "येवपाक इतलीं वर्सां लागलीं रे पुता?" मग शेव घातलेले पोहे पुढे ठेवले.

रविवारी ती मला इगर्जीत घेऊन गेली. मिस्सा हिंदीत होती. बाकांवर मल्याळी, तमिळ, आदिवासी, सगळे. आत्या म्हणाली, "पहिली काही वर्षं मी इथेही परकीच होते. वहीत नाव लागलं म्हणजे माणूस आपला होत नाही. शेजारच्या बाकावरची एक केरळची बाई माझ्या बाळंतपणात पंधरा दिवस राहिली, तेव्हा मला इथलं वाटलं."

परत येताना तिने सिस्टर राणी मारियाची गोष्ट सांगितली. ती केरळची जोगीण. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं काम करायची. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्येच तिच्यावर सुऱ्याने वार झाले. ती गेली. मारणारा समुंदर सिंग. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारियाची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, हीही जोगीण. 2002 साली ती तुरुंगात गेली आणि तिने समुंदर सिंगला राखी बांधली. घरच्या माणसांनी त्याला माफ केलं. 2006 मध्ये तो सुटला. नंतर केरळला त्यांच्या घरीही जाऊन आला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियाला धन्य म्हणून घोषित केलं, त्या गर्दीत आत्याही होती.

मी विचार करत राहिलो. क्षमेची शिकवण ख्रिस्ताची, धागा आपल्या श्रावणातला. कोणाचं काय, हे सेल्मीला वेगळं करावंसं वाटलं नाही.

आपल्याकडे हे नवीन आहे का? शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, असं आपण लहानपणापासून ऐकतो. हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मिलाग्रीसच्या फेस्ताला तेल घेऊन जातात. देवींचं नातं आम्ही जपलं. घरच्या बहिणीचं मात्र जपता आलं नाही.

धीर करून मी आत्याला विचारलं, "बाबांचा राग येतो?"

"खुनी माणसाला राखी बांधतात," ती म्हणाली. "तुझ्या बापाने तर काहीच केलं नाही." थोडं थांबून परत म्हणाली, "काहीच केलं नाही, हेच."

निघताना तिने कागदात गुंडाळलेली राखी माझ्या बॅगेत ठेवली. मी ती बाबांना दिली. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी ती देवघरात ठेवली आणि काही बोलले नाहीत. सुतांपुनव येऊन गेली. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली. राखी त्यांच्या मनगटावर होती, एका हाताने बांधल्यामुळे वेडीवाकडी.

"तिका फोन लाव," म्हणाले.

ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी बाहेर सोप्यावर जाऊन बसलो. फोन बराच वेळ चालला होता.