बंदुकीची नळी किती लांब असावी?

आमच्या घरात बंदूक आहे हे सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. शेतकऱ्याच्या घरी बंदूक असणं खानदेशात काही नवलाचं नाही. पाटलाकडे असते, देशमुखांकडे असते, केळीवाल्या बागाईतदाराकडे असते. पण नाव आमच्यासारखं असलं की प्रश्न थोडा वेगळा येतो. "कशाला हो?" हा तो प्रश्न. मी सांगतो, मक्यासाठी. एरंडोलच्या शिवारात कपाशीला रोही लागतो आणि मक्याला रानडुक्कर, हे कोणाही शेतकऱ्याला विचारा. एका रात्रीत कळप येऊन गेला की सकाळी पीक आडवं झालेलं दिसतं, आणि डुक्कर जितकं खातं त्याच्या कितीतरी पट तुडवतं.

आमच्या दादी त्या जनावराचं नावही घेत नसत. "बद जानवर आके गया" एवढंच म्हणायच्या. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याच्यासाठी घरात बंदूक ठेवायची, यावर अब्बा आणि शेजारचे नाना अजूनही हसतात.

तर ही बंदूक. बारा बोअरची दुनळी, नळी तीस इंच, अब्बांच्या नावावर गेली पंचवीसहून जास्त वर्षं. अब्बांनी सत्तरी ओलांडली. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या वयाची ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं, की हयातीतच ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. शेती धाकटा भाऊ बघतो, म्हणून अर्ज त्याने करायचा असं ठरलं. आणि तिथेच वाद सुरू झाला. भावाचं म्हणणं, नावावर करायचीच तर ही लांबलचक काठी कशाला, विकून टाकू आणि आखूड नळीची पंप घेऊ. मोबाइलवर त्याने व्हिडिओ बघितलेले. आखूड नळी, काळा दस्ता, एका हाताने खटॅक.

त्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. डोक्याइतक्या वाढलेल्या मक्यात तीस इंचाची नळी घेऊन वळायचं तर पानं अडतात. मोटारसायकलवर ती नीट नेता येत नाही. माळ्यावर चढताना कुठेतरी आदळते. आखूड नळी हलकी, चटकन खांद्याला लागते.

मी पेशाने लिहिणारा, बंदूक चालवणारा नाही. पण घरात वाद झाला की पुस्तकं आणि कायदे चाळायचं काम माझ्याकडे येतं. म्हणून आधी मूळ समज तपासला, लांब नळी लांब मारते हा. तो ठासणीच्या बंदुकीच्या काळातला आहे. तेव्हाची काळी दारू सावकाश जळायची, तिला लांब नळी लागायची. आताच्या काडतुसातली धूररहित दारू नळीच्या पहिल्या टप्प्यातच बहुतेक जळून जाते. त्यापुढे नळी एक इंचाने कमी केली तर छऱ्यांचा वेग सेकंदाला साधारण पाच ते दहा फुटांनी घटतो. मूळ वेग बाराशे-तेराशे फुटांचा. म्हणजे तीस आणि वीस इंचांत जो फरक पडतो तो डुकराला कळणार नाही.

छरे किती पसरतात हेही नळीच्या लांबीवर ठरत नाही. ते ठरतं नळीच्या तोंडाशी असलेल्या किंचित आवळपणावर, ज्याला चोक म्हणतात. पूर्ण चोक असलेल्या नळीतून चाळीस यार्डांवर सुमारे सत्तर टक्के छरे तीस इंचाच्या वर्तुळात पडतात, चोक नसलेल्या नळीतून चाळीस टक्क्यांच्या आसपास. आखूड बंदुका बहुधा कमी चोकच्या किंवा बिनचोकच्या असतात, म्हणून आखूड नळी पसरवते असं वाटतं.

भाऊ खूश झाला. "म्हणजे लांबीचा काही उपयोग नाहीच ना!"

आहे. लांब नळीला तोंडाकडे वजन असतं, त्यामुळे पळत्या जनावरावर ती संथ फिरते, हिसका घेत नाही. नेम धरायला लांब रेघ मिळते. बाराचा आवाज आणि झोत चेहऱ्यापासून दूर राहतो. आखूड, हलक्या बंदुकीचा धक्का खांद्याला जास्त बसतो आणि रात्री तिच्या तोंडाचा जाळ डोळे दिपवतो. रात्री मक्याच्या कडेला उभं राहून बार काढणाऱ्याला डोळे दिपणं परवडत नाही, कारण पलीकडच्या बांधावर दुसऱ्या कोणाची तरी जागल चालू असते. आमच्याकडे बारापैकी चार महिने कोणी ना कोणी शेतात झोपतो. रमजानमध्ये तर सहरीच्या वेळी आमच्या शेतात दिवा असतो, आणि तो दिवा बघून नाना हाक मारतात. अशा शिवारात कुठल्याही बंदुकीआधी बॅटरी हवी, आणि बॅटरीआधी बार न काढण्याचा धीर.

आखूड नळीची खरी गरज कोणाला असते हे आमच्या मामूंनी सांगितलं. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर रखवालदार होते. गाडीच्या दारातून उतरायचं, पेटी दोन पावलांवर, लोक अंगाला खेटून चाललेले. तिथे तीस इंचाची नळी दारात अडकते आणि कोणाच्या तरी बरगडीत लागते. "वहाँ छोटी चाहिए," मामू म्हणाले, "खेत में छोटी का क्या काम?" मला हे उत्तर सगळ्या आकड्यांपेक्षा सरळ वाटलं. आखूड नळी ही अरुंद जागेची आणि जवळच्या माणसाची बंदूक आहे. लांब नळी ही उघड्या रानाची आणि जनावराची. बंदूक निवडताना आपण आपल्यासमोर कोण उभं आहे असं धरून चाललोय, हेही निवडतो.

कायद्यालाही हा फरक कळतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी नागरिकाने गुळगुळीत नळीची बंदूक मागितली आणि तिची नळी वीस इंचांपेक्षा कमी नसली, तर परवाना द्यावा असं ते कलम म्हणतं. नाकारायचं तर कायद्यात दिलेली कारणं लागतात. पिकाच्या राखणीसाठी मात्र कायद्याच्या डोळ्यासमोर पहिली आहे ती ठासणीची बंदूक! ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर मग दुसरी, वीस इंचांची अट पाळणारी. नळी वीस इंचांच्या खाली गेली की तीच बंदूक वरच्या, कडक वर्गात जाते, आणि साध्या शेतकऱ्याचा तिच्याशी संबंध संपतो.

आणि असलेली नळी कापून आखूड करणं? त्याला कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. त्याविना कापली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आधी ती तीन ते सात वर्षं होती. भावाच्या एका मित्राने "लोहाराकडून कापून घे, कोण मोजायला येतंय" असा सल्ला दिला होता. मी भावाला कलम वाचून दाखवलं, मित्राला चहा पाजून परत पाठवला.

वीस हाच आकडा का, याचं शास्त्रीय उत्तर नाही. अमेरिकेत ही रेघ अठरा इंचांवर आहे, १९३४ च्या कायद्यापासून. १९३९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे मिलर नावाच्या माणसाचा खटला आला तो अशाच आखूड नळीच्या बंदुकीचा होता. ब्रिटनमध्ये आज ती रेघ चोवीस इंचांवर आहे. सिसिलीत मेंढपाळ लांडग्यांसाठी जी आखूड बंदूक बाळगत तिला लांडग्यावरूनच लुपारा नाव पडलं, आणि पुढे ती माफियाची खूण झाली. अठरा, वीस, चोवीस, आकडे वेगळे, पण सगळ्यांचा धाक एकच आहे: अंगरख्याखाली मावेल इतकी बंदूक नको. बंदूक किती दूर मारते याची या कायद्यांना फारशी काळजी नाही. ती दिसते की नाही याची आहे.

इथे मला आमच्याच भागाची आठवण होते. पूर्वी एरंडोल तालुक्यातच असलेलं धरणगाव हे खानदेश भिल्ल पलटणीचं ठाणं. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने ती उभी केली. ज्या भिल्लांना इंग्रज फौजा डोंगरात हुडकत फिरत होत्या, त्यांच्याच हाती सरकारी बंदूक देऊन त्यांना रखवालदार केलं. पुढे लिटनच्या काळात, १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागायचा, गोऱ्याला सूट. बंदूक कोणाच्या हातात शोभते आणि कोणाच्या हातात खुपते, हा प्रश्न या मातीत दोनशे वर्षं विचारला जातोय. बंदूक तीच असते, हात बदलले की तिचा अर्थ बदलतो.

म्हणून मी भावाला जे सांगितलं ते आकड्यांचं नव्हतं. म्हटलं, वीस-बावीस इंचांची पंप कायद्याने मिळेलही. पण ती खांद्याला लटकवून तू बसस्टँडवरून चाललास की बघणाऱ्याला त्यात मका दिसणार नाही. नानांच्या मुलाच्या खांद्यावर कदाचित दिसेल. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. चीड येण्यासारखंच आहे. पण सातपुड्यापलीकडच्या उमर्टीकडून आलेले गावठी कट्टे पकडल्याची बातमी जिल्ह्याच्या पेपरात दर थोड्या दिवसांनी असते, आणि ती वाचून झाल्यावर लोक इकडेतिकडे बघतात. कुठे बघतात हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

भाऊ चिडला. "मग काय, लोकांना काय वाटेल म्हणून मी आजोबांसारखी बंदूक घेऊन फिरू? माझ्या हक्काचं मी घ्यायचं नाही?"

त्याच्या रागाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. हक्क आहे आणि तो वापरू नको असं मोठ्या भावाने सांगणं, यात आम्ही आमच्याच हाताने थोडे लहान होतो. हे मला कळतं.

उत्तर अब्बांनी दिलं, आणि ते भीतीचं नव्हतं. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. अब्बा ती दुनळी मोडून, म्हणजे नळी आणि दस्ता सुटा करून, गोधडीच्या कापडात गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधत. दुनळी मोडली तरी तीस इंचाची नळी तीस इंचच राहते. बाजारपेठेतून जाताना सगळ्यांना दिसायची. कोणी विचारायचं, "कोठे चालले, चाचा?" अब्बा सांगायचे, "इलेक्शन शे ना, जमा कराले." निकाल लागल्यावर तीच सायकल, तोच रस्ता, उलट दिशेने. अब्बा भावाला म्हणाले, "तीस साल में किसी ने नहीं पूछा के घर में क्या छुपाया है. लंबी है, सबको दिखती. मुझे तो दिखानी ही थी."

त्यात दडपण नव्हतं, उलट जरा ऐट होती. परवाना माझा, बंदूक माझी, आणि हे सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या बोलण्यात लोकांच्या नजरेचा हिशेब होता. अब्बांच्या बोलण्यात ती नजर वापरून घेण्याची हिकमत होती.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. मग त्याने दुनळी काढली, नळ्यांतून तेलाचा बोळा फिरवला आणि दस्त्याची भेग कोणाकडून नीट होईल याची चौकशी केली. मी आणखी एक गोष्ट त्याच्या कानावर घातली: लग्नात हवेत बार काढणं आता वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मामूंच्या मुलीचं लग्न जवळ आलंय आणि आमच्याकडचे काही पाहुणे उत्साही आहेत. त्या दिवशी बंदुकीच्या कपाटाची किल्ली अम्मीच्या कमरेला असेल असं ठरलंय.

रानडुकराचं म्हणाल तर त्याला मारायलाही वनखात्याची परवानगी लागते, नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही. आणि मारल्यावर त्याला हात कोण लावणार, हा आमच्या घरातला जुना प्रश्न. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत अब्बांनी काढलेले बहुतेक बार आभाळाच्या दिशेने, कळप उधळण्यापुरते होते.

अर्ज गेल्या आठवड्यात दिला. शस्त्राच्या वर्णनाच्या रकान्यात भावाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, बारा बोअर, दुनळी. सध्या मक्याला कणसं भरतायत. जागलीला तो बॅटरी, पत्र्याचा डबा आणि फटाक्यांची माळ घेऊन जातो. काल पहाटे कळप आला होता, नानांनी पलीकडून आधी ओरडून सांगितलं, मग भावाने डबा वाजवला. दोन सऱ्या गेल्या.