जुनी गाडी आणि अब्बांचे दोन दिवस

आमच्या घरात नऊ माणसं आणि एक गाडी. गाडी 2008 सालची, पेट्रोलवर चालणारी. घेतली तेव्हा ती घराची हौस होती, आता घराची गरज आहे. अब्बांच्या किडन्या निकामी झाल्यापासून दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यावं लागतं. आमचं गाव खाडीकाठी, शहरापासून तीस किलोमीटरवर. मशिनवर चार तास झोपून अब्बा बाहेर येतात तेव्हा त्यांचे पाय लटपटत असतात. एसटीच्या गर्दीत त्यांना उभं करणं आमच्या जिवावर येतं.

म्हणून गाडीचं दुखणं आमच्याकडे नुसतं गाडीचं राहत नाही. फजरनंतर चावी फिरवायची, सेल्फचा आवाज ऐकायचा आणि मगच अम्मीने डबा भरायचा, असा आता रिवाजच पडला आहे. मागच्या पावसाळ्यात एका गुरुवारी चावी फिरवली तर नुसतं टक्‌ टक्‌ झालं. त्या दिवशी शेजारच्या रिक्षावाल्या भाईंनी चहाचा कप तसाच ठेवून अब्बांना वेळेवर पोहोचवलं. अल्लाह त्यांच्या रोजीत बरकत देवो. पण दर वेळी शेजाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही.

ईदला आलेले पाहुणे विचारतात, "नवीन का घेत नाही?" साधं कारण आहे. नवीन गाडी म्हणजे कर्ज, आणि कर्ज म्हणजे व्याज. ते आम्हाला घ्यायचं नाही. रोख पैसे साठवावेत, तर ते औषधांना आणि मुलीच्या नर्सिंगच्या फीला लागतात. कुणी सांगतं, पंधरा वर्षांवरची गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. तसं नाही. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आली. आपल्याकडे खासगी मोटार पंधरा वर्षांनी तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, म्हणजे नोंदणी पाच वर्षांनी वाढते. मात्र या नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाली. आम्ही 2023 मध्ये ती भरली.

हिशेबही मांडून पाहिला. रिक्षा येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे हजार रुपये घेते. गाडीला पेट्रोल चारशेच्या थोडं वर लागतं. महिन्याच्या आठ-नऊ फेऱ्यांत साडेचार हजारांच्या आसपास वाचतात. त्यातले दोन हजार आम्ही एका डब्यात टाकतो. डब्यावर मुलांनी "गाडीची दवा" असं लिहून ठेवलं आहे. या डब्यातून दुसरा खर्च करायचा नाही, ईदलासुद्धा नाही.

गॅरेजवाले चाचा म्हणतात, जुनी गाडी एकदम मरत नाही, आधी सांगते, ऐकणारा पाहिजे. त्यांच्याकडून आम्ही ऐकायला शिकलो. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरी पूड जमली की ताकद पुरी असूनही सेल्फ उचलत नाही. आधी तारा काढायच्या, मग सोड्याच्या गरम पाण्याने टर्मिनल धुवायचं, पुसून कोरडं करायचं आणि व्हॅसलीन लावायचं. त्या गुरुवारचं कारण एवढंच निघालं. समुद्राच्या खाऱ्या हवेने सायलेन्सर आणि गाडीचा तळ खालून गंजतो, म्हणून पावसाळ्यानंतर तळ धुऊन तपासून घेतो. टायरची नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. सेकंडहॅंड टायर घेताना आमची मुलं आता आधी तेच वाचतात.

सगळ्यात जास्त लक्ष तापमानाच्या काट्यावर. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतत राहिलं तर आत गंज आणि क्षार धरतात, म्हणून कूलंटच भरायचं. चढावर काटा वर सरकू लागला की एसी बंद आणि हिटर चालू. त्याने इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. तरीही काटा उतरला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, आणि ते निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. उकळतं पाणी दाबाने तोंडावर उसळतं. अशाच एका थांब्यावर अब्बा मागच्या सीटवरून म्हणाले, "हिला पाहिजे तेवढं पाजता. मला मात्र मोजून पेला!" डायलिसिसच्या माणसाला पाण्याचा घोट घोट मोजावा लागतो. आम्ही हसलो, पण अम्मीने तोंड खिडकीकडे वळवलं.

मध्यंतरी पलीकडच्या वाडीतले एक गृहस्थ गाडी विकत घ्यायला आले. रंग पाहून खूश झाले. आम्ही त्यांना बॉनेट उघडून दाखवलं, क्लच घसरतो हे सांगितलं, ऑइल गळतं ती जागाही दाखवली. मालातला ऐब लपवून विकणं जायज नाही. ते चहा पिऊन, सलाम करून परत गेले. भाऊ म्हणाला, "आता ही आपल्याच नशिबात." क्लच प्लेट मग डब्यातल्या पैशांतून बदलली.

पण जुन्या गाडीवरचा जीव माणसाच्या जिवापेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही, हेही आम्ही घरात बसून ठरवलं आहे. ब्रेकचं काम कधी पुढे ढकलायचं नाही. इंजिन उघडायची वेळ आली, किंवा तळाचा पत्रा वजन पेलणार नाही असं चाचांनी सांगितलं, की तिला सरकारमान्य भंगार केंद्रात द्यायची आणि डब्यातले पैसे रिक्षासाठी वापरायचे. तोवर रविवारी आणि बुधवारी, इशानंतर, कुणीतरी गाडी चालू करून पाहतं. सेल्फने उचललं की अंगणातून आवाज येतो, "अब्बा, चालू झाली!" आतून अब्बांचं "अल्हमदुलिल्लाह" ऐकू येतं, आणि मगच आम्ही सकाळचा गजर लावतो.