एका पेटीभोवतीचे घर

पूर्वीचे ते सारेच चांगले, असे म्हणू लागणे हा पन्नाशी उलटल्याचा पुरावा समजला जातो. तो आरोप येण्यापूर्वीच आम्ही सांगून टाकतो की, सामना पाहण्याची व गाणे ऐकण्याची आजची सोय आमच्या बालपणी असती, तर आम्ही ती आनंदाने घेतली असती. आमची तक्रार सोयीबद्दल नाहीच. तिच्या पावलांनी घरातून जे निघून गेले, त्याविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या घरी रेडिओ एकच होता. कसोटी सामना व गाणे या दोहोंना त्याच एका पेटीतून यावे लागे. त्यामुळे घरातील सर्वांना एकमेकांच्या आवडीनिवडी निमूटपणे सोसाव्या लागत. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन चालू असता आजी माळ ओढीत बसे. तिला खेळातले काही कळत नसे. परंतु गावसकर बाद झाले की, तिची माळ थांबे! उलटपक्षी, रात्री विविध भारतीवर गाणी लागली म्हणजे क्रिकेटपलीकडे काही न सुचणारे आम्ही ती नकळत पाठ करीत असू. पुढे स्वतः गावसकरांनीच शांताराम नांदगावकरांचे एक मराठी गीत गायिले, तेव्हा या दोन पक्षांचा तह झाल्यासारखे आम्हांस वाटले.

आमचे वडील अबोल होते. ४ सप्टेंबर १९७९ रोजी ओव्हल मैदानावर भारतास विजयासाठी ४३८ धावांचा पल्ला गाठावयाचा होता. गावसकर व चेतन चौहान या पहिल्या जोडीने २१३ धावा केल्या. लघुलहरींवरील तो इंग्रजी आवाज कधी जवळ येई, कधी बुडून जाई. बुडाला की, वडील आमच्याकडे वळून विचारीत, “काय म्हणाला रे?” आम्ही नऊ वर्षांचे, आम्हांस इंग्रजीतले आकडे तेवढे कळत, व तेवढे आम्ही सांगत असू. गावसकर २२१ धावांवर बाद झाले. आठ गडी बाद ४२९ वर खेळ संपला. विजय नऊ धावांनी हुकला. वडिलांनी रेडिओ बंद केला व आमच्या डोक्यावर हात ठेविला. त्याहून दीर्घ भाषण त्यांनी आमच्यापाशी जन्मात केले नाही.

पुढे घरी तबकड्या आल्या. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ सालच्या नाटकातील पदांच्या तबकडीवर एक चरा पडला होता. सुई तेथे अडखळे. मग जो जवळ असेल तो उठून ती हलकेच पुढे सरकवी. आज तीच पदे आम्ही निर्दोष ऐकतो. तथापि ते स्थळ आले की, आम्ही अजून उठावयास निघतो; आणि उठण्याचे कारण उरलेले नसते.

सांप्रत आमच्या घरात चार माणसे व चार यंत्रे आहेत. ज्याचा सामना त्याच्या कानात, ज्याचे गाणे त्याच्या कानात. कोणाचा कोणास उपद्रव नाही, आणि म्हणूनच कोणाची कोणास खबरही नाही. परवा आमचे चिरंजीव एकाएकी “अरेरे!” म्हणून उद्गारले. आम्ही न राहवून विचारले, “काय म्हणाला रे?” त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, एका कानातील गुंडी काढून आमच्या हाती दिली व आपण थोडा सरकून बसला. कोणाचा सामना चालला होता, हे आम्हांस बऱ्याच वेळाने कळले.