चेकबुक कुणाच्या हाती?

बँकेच्या मराठी कागदांवर त्याला 'धनादेश पुस्तिका' म्हणतात, पण घरात ते चेकबुकच. चेक 'फाडला' जातो, बँकेत 'टाकला' जातो आणि पैसे मिळाले की 'वटतो'. 'कोरा चेक' हे शब्द तर डोळे झाकून टाकलेल्या विश्वासासाठीच वापरले जातात.

गंमत अशी, की दुधापासून किराण्यापर्यंत पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या कितीतरी गृहिणींनी चेकबुक कधी उघडूनही पाहिलेले नसते. ते 'यांचे' असते. 'इथे सही कर' म्हटले की सही करायची, वर काय लिहिले आहे ते विचारायचे नाही. मग एखाद्या रात्री 'हे' इस्पितळात दाखल होतात. खात्यात पैसे असतात, चेकबुक कपाटात असते, पण खाते एकट्याच्या नावाचे! बायकोची सही तिथे चालत नाही. दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकेल असे संयुक्त खाते असते, तर तिला अशा वेळी शेजाऱ्यांपुढे हात पसरावा लागला नसता.

चेक लिहिणे अवघडही नाही. भारतात तो मराठीतूनही लिहिता येतो. नाव आणि रक्कम लिहिताना मोकळी जागा सोडू नये. अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहावे. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिले, की रक्कम त्या नावाच्या खात्यातच जमा होते. खाडाखोड झाली तर नवा चेक घ्यावा. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाली आहे. आणि खात्यात शिल्लक नसताना देणी फेडायला चेक देणे १९८९ पासून गुन्हा ठरू शकते. रीतसर नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर खटला होऊ शकतो आणि सही करणारी 'मला काही माहीत नव्हते' म्हणून सहज सुटत नाही.

आता मोबाईलवरून क्षणात पैसे जातात. तरीही चेकबुक अजून घराघरात आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सचा का होईना, एखादा चेक गृहिणीने स्वतः भरावा, नोंदीच्या पानावर रक्कम टिपावी आणि कोऱ्या चेकवर सही मागणाऱ्याला, तो कितीही जवळचा असो, हसून म्हणावे, 'आधी आकडा लिहा.'