अजिंठ्याच्या भिंती आणि आमच्या घरातला फोटो

पोळा झाला, पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि आईचे जुने मागणे पुरे करायचे ठरवले. जन्म गेला खानदेशात, पण अजिंठ्याची लेणी तिने पाहिली नव्हती. एस.टी.ने फर्दापूरला उतरलो. तिथल्या फाट्यावर खाजगी गाड्या थांबवतात आणि पुढचे 4 किलोमीटर लेण्यांच्या बसने जावे लागते.

पायऱ्या पाहून डोलीवाले पुढे आले. आई म्हणाली, "अजून डोक्यावर कडब्याची पेंढी नेते मी. मला कशाला उचलता?" थांबत थांबत ती चढलीच.

वर गेल्यावर वाघूर नदीचे वळण दिसते. घोड्याच्या नालासारखा डोंगर, त्याच्या पोटात ओळीने कोरलेली तीस लेणी आणि टोकाला कोसळणारा धबधबा. यातली पहिली लेणी इसवी सनाच्या आधीची आहेत. बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली.

आत अंधार होता. डोळे सरावले तसे भिंतीवरून एकेक चेहरा वर येऊ लागला. पहिल्या लेण्यात कमळ हाती घेतलेला पद्मपाणी आहे. त्याची खाली झुकलेली नजर पाहून आमचा धाकटासुद्धा गप्प झाला. त्याच लेण्यात दोन बैलांची झुंज रंगवली आहे. आई तिथून हलेना. "हा डावीकडचा आपल्या सर्ज्यासारखा मान घालतो बघ," म्हणाली. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने बैल जवळून पाहिला होता, हे सांगायला आम्हाला पंडित लागला नाही.

ही चित्रे काढली कशी, तेही शेतकऱ्याला चटकन समजेल असे आहे. खडकावर आधी मातीचा गिलावा दिला. त्या मातीत धानाचा भुसा, गवत, झाडांचे तंतू कालवले होते. आपण भिंत लिंपताना करतो तेच. वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. तांबडा, पिवळा, हिरवा हे मातीचे आणि दगडाचे रंग, काळा काजळीचा. निळा दगड मात्र दूर अफगाणिस्तानातून आलेला. माती-भुशाची भिंत म्हटली की ओल आणि कीड आलीच. म्हणून आज जागोजागी पोपडे गळून मोकळा खडक दिसतो.

दहाव्या लेण्यात धाकट्याने एक गोष्ट शोधून काढली. खांबावर, हात पुरणार नाही इतक्या उंच, एका इंग्रजाचे नाव खरडलेले आहे. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. तेव्हा आत मातीचा ढीग साचला होता. त्यावर उभे राहून त्याने नाव कोरले, म्हणून ते इतके वर राहिले. धाकटा म्हणाला, "साहेबानं लिहिलं, तर मी का नाही?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "त्यानं चित्रावर ओरखडा काढला. दोनशे वर्षं झाली, अजून दिसतो. तुला तसंच दिसायचंय का?" पोराने खिशातला खिळा माझ्या हातात दिला.

त्याच्यानंतरचे काही इंग्रज मात्र वेगळे निघाले. 1844 साली मेजर रॉबर्ट गिल यांना चित्रांच्या नकला काढायला नेमले. अजिंठा गावात राहून त्यांनी वर्षानुवर्षे तेच काम केले. गावातल्या पारो नावाच्या बाईवर त्यांचा जीव जडला. ती 1856 साली वारली. तिची कबर गावात आहे. गिल 1879 साली गेले, त्यांना भुसावळला पुरले. कवी ना. धों. महानोर यांनी या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले.

गिल यांच्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. 1866 साली तिथे आग लागली आणि थोड्या वगळता सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच लंडनच्या दुसऱ्या आगीत गेल्या. पण गिल यांनी कॅमेऱ्यानेही लेणी टिपली होती, त्यांचे पुस्तक 1864 सालीच निघाले होते. कापडावरचे चित्र एकच असते, ते जळले की संपले. फोटोच्या प्रती चार ठिकाणी जातात, म्हणून ते उरले.

शेवटी सतराव्या लेण्यात गेलो. तिथे दारात भिक्षापात्र घेतलेले भव्य बुद्ध उभे आहेत आणि समोर लहानशा आकाराची यशोधरा राहुलला पुढे करते आहे. मी कथा सांगितली. आई बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाप दारात आलाय, लेकराला ओळख करून देतेय. तुझ्या बापाची ओळख या पोराला कशी करून देऊ? फोटो तर गेला."

दादांचा एकच फोटो आमच्या घरी आहे, जत्रेत काढलेला. भिंतीच्या ओलीने तो काचेला चिकटला. दोन वर्षे पाहत होतो, उद्या करू म्हणत होतो.

परत आल्यावर तालुक्याच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने काचेसकटच त्याचा फोटो काढला. फेटा आणि एक डोळा साफ आला, बाकी चेहरा डागाखाली गेला. तीन प्रती काढल्या. एक बहिणीकडे, एक काकांकडे, एक आमच्याकडे. मागे आईने सांगितले तसे नाव आणि गाव पेन्सिलीने लिहिले.

वाचकहो, अजिंठ्याला जरूर जा. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळा. आत फ्लॅश मारू नका, भिंतीला हात लावू नका. आणि निघण्याआधी घरातला जुना फोटो ओल्या भिंतीवरून खाली काढा. त्यात कोण आहे हे सांगणारे माणूस घरात आहे, तोवर मागे लिहून ठेवा.